फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी यांचे मूळ एकच असताना त्यांचे मार्ग वेगळे का?

मूळ एक आणि कोड खुला असताना ऑपरेटिंग सिस्टिमचे (संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालींचे) हे प्रकल्प एकत्र का होत नाहीत, असे आपण विचारले आहे. कोड एक असला तरी त्याच्याकडून असलेली अपेक्षा एक नव्हती, हे माझ्या मते खरे कारण आहे.

बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीवर आधारलेल्या ३८६बीएसडीतून १९९३ मध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी निघाले. नेटबीएसडीने शक्य तितक्या प्रकारच्या यंत्रांवर चालण्याचा ध्यास घेतला, तर फ्रीबीएसडीने सुरुवातीला साध्या पीसीवर भर देऊन सर्व्हरची कामगिरी सुधारली. नेटबीएसडीच्या मुख्य गटाशी मतभेद झाल्यावर त्याच्या संस्थापकांपैकी एक थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये ओपनबीएसडी सुरू केला. त्यात सुरक्षेला अग्रक्रम मिळाला.

हा फरक एका निर्णयात स्पष्ट दिसतो. प्रोसेसरमधील हायपर-थ्रेडिंगमुळे (एकाच गाभ्यावर एकाच वेळी दोन कामे चालवण्याच्या सोयीमुळे) माहिती फुटण्याचा धोका आहे, असे मानून ओपनबीएसडीने २०१८ मध्ये ती सोय मुळातच बंद ठेवली आणि त्यासाठी वेगावर पाणी सोडले. फ्रीबीएसडीने मात्र ती चालू ठेवली. दोन्ही निर्णय मला आपापल्या जागी योग्य वाटतात.

घणसोलीतील आमच्या छोट्या कार्यालयात फायरवॉलसाठी, म्हणजे नेटवर्कवरील नको ती ये-जा अडवण्यासाठी, ओपनबीएसडी आहे, कारण तिथे वेगापेक्षा खात्री हवी, आणि त्याच्या नियमांची पहिली ओळच ‘सर्व अडवा’ अशी आहे. फायली मात्र फ्रीबीएसडीवर झेडएफएस या फायली साठवण्याच्या व्यवस्थेत ठेवतो. चुकून पुसलेली हिशेबाची फाईल तिथल्या स्नॅपशॉटमधून (आधीच्या क्षणी जतन केलेल्या स्थितीतून) लगेच परत मिळाली.

देवाणघेवाण मात्र थांबलेली नाही: ओपनबीएसडीत घडलेले ओपनएसएसएच हे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणारे साधन या तिन्हींत आहे.