ख्रिस्ती मिशनरी जगभर का जातात? फक्त धर्मांतरासाठीच का?

मूळ हेतू धर्मप्रसाराचाच, त्यात आडपडदा कशाला? बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (28:19) येशू शिष्यांना सांगतो, जा आणि सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. पण सांगायचं तर समोरच्याची भाषा यायला हवी, त्याला वाचता यायला हवं. म्हणून मागोमाग शाळा, छापखाने, दवाखाने आले. इंग्रज मिशनरी विल्यम केरीचं मराठी व्याकरण 1805 मध्ये छापलं गेलं ते कुठं, तर बंगालात, श्रीरामपूरला! आमच्या बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 मध्ये आले. बेनन-स्मिथ हायस्कूलला नाव मिशनऱ्यांचंच. मिशनच्या शाळेत शिकलेले आमचे आजोबा मात्र शेवटपर्यंत कपाळाला बुक्का लावून पंढरीला जायचे. इंग्रजी अर्ज लिहून घ्यायला अख्खी गल्ली त्यांच्याकडेच यायची.