वाचकांचे प्रश्न : परदेशातली चाळ तिकीट काढून का पाहावी?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहते. आम्ही उभयता मे महिन्यात तिच्याकडे जाणार आहोत. तिथली कामगारांची जुनी घरे आवर्जून पाहा, असे ती म्हणते. परंतु आमचे अर्धे आयुष्य परळच्या चाळीत गेले असल्याने परदेशातली चाळ तिकीट काढून कशाला पाहायची, असे ह्यांचे म्हणणे आहे. शिवाय माझे गुडघे दुखतात. काय करावे?
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : आपल्या यजमानांची शंका रास्त आहे, तरीही जावे असेच मी सुचवीन, कारण ही घरे चाळीसारखी वाटली, तरी एका बाबतीत चाळीपेक्षा अगदी वेगळी आहेत. त्यांना ‘बॅक-टू-बॅक’ म्हणतात. दोन घरे पाठीला पाठ लावून उभी असतात, एकाचे तोंड रस्त्याकडे आणि दुसऱ्याचे आतल्या चौकाकडे. मधली भिंत सामाईक असल्यामुळे घराला मागचे दार नाही आणि मागे खिडकीही नाही. एकावर एक अशा तीन खोल्या, की झाले घर. आपल्याकडे खोली दहा बाय बारा असली, तरी पुढे गॅलरी असते आणि समोरासमोरच्या दारा-खिडक्यांतून वारा खेळतो. इथे ती सोयच नाही. तिथे गेलात, की त्या पाठच्या भिंतीला हात लावून अवश्य उभ्या राहा.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये अशी चाळीस हजारांहून अधिक घरे होती. 1909 च्या कायद्याने देशभर अशा नव्या बांधकामाला बंदी आली आणि पुढे शहराच्या पुनर्विकासात जवळजवळ सगळी पाडली गेली. हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरचा 11 घरांचा ‘कोर्ट 15’ हा चौक मात्र राहिला. इतिहासप्रेमामुळे तो राहिला असे समजू नये. 1966 पर्यंत इथली घरे राहण्यास अयोग्य ठरून रिकामी झाली होती, पण तळमजल्यावरची दुकाने चालू होती आणि त्या धंद्यांच्या आधाराने वरचा भाग तग धरून राहिला. जतनाची जाग पुढे आली. 1988 मध्ये या वास्तूला वारसा म्हणून संरक्षण मिळाले, आणि दुरुस्तीनंतर 2004 मध्ये नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने ती लोकांसाठी खुली केली.

आतली चार घरे 1840, 1870, 1930 आणि 1970 या दशकांतल्या चार कुटुंबांच्या संसाराप्रमाणे मांडली आहेत. घड्याळाचे काटे बनवणारे लेव्ही, काचेचे डोळे घडवणारे ओल्डफिल्ड, कुलपे करणारे मिचेल आणि कॅरिबियन बेटांवरून आलेले शिंपी जॉर्ज सॉन्डर्स. मला सर्वांत जवळची वाटली ती ओल्डफिल्डांच्या घरातली वरची खोली. भाडे भागवायला ठेवलेल्या पोटभाडेकरूंमध्ये तिथे आडोसा म्हणून फक्त एक चादर टांगलेली आहे. ती पाहून आपल्या यजमानांना परळ आठवल्यावाचून राहणार नाही. सॉन्डर्स तर 2001 पर्यंत इथे दुकान चालवत होते. त्यांच्या कात्र्या, कापड आणि अर्धवट शिवलेले कोट पाहताना मालक जेवायला गेला असावा असे वाटते.

आता गुडघ्यांविषयी. जिने अरुंद, वळणाचे आणि खरोखर चढे आहेत, त्यामुळे उगाच हौस करू नये. ज्यांना जिने जमत नाहीत, त्यांच्यासाठी फक्त तळमजल्याची फेरी असते. तशी मागणी आधी नोंदवावी. तुम्ही चौकात थांबावे आणि यजमानांनी वर जाऊन यावे, असेही करता येईल. चौकातली सामाईक धुण्याची खोली आणि संडास पाहण्यात वेळ बरा जातो. वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत आणि एका गटात मोजकीच माणसे घेतात. म्हणून तिकीट मुलीलाच आधी काढून ठेवायला सांगा. न्यू स्ट्रीट रेल्वे स्थानकापासून चालत साधारण दहा मिनिटे लागतात. फेरी संपल्यावर कोपऱ्यावरच्या जुन्या पद्धतीच्या दुकानातून काचेच्या बरणीतल्या गोळ्या घेता येतील. यजमानांना मधुमेह नसेल, तर त्यांच्यासाठीही घ्या.