सासूबाईंचा दिवा स्वयंपाकघरात का?

"मावशी, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे पेणकडचे. आता ठाण्यात एका सोसायटीत राहतो. हनुका, आमचा दिव्यांचा सण, जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. शेजारणी प्रेमानं विचारतात, 'तुमची दिवाळी कधी?' मुलगा तेरा वर्षांचा आहे, तो मित्रांना 'ज्यूंचा ख्रिसमस' असं सांगून मोकळा होतो. नणंद इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिनं विजेवर चालणारी सुरेख हनुकिया, म्हणजे हनुक्याची दीपमाळ, पाठवली आहे, ती आम्ही हॉलच्या खिडकीत लावतो. तरी व्हिडिओ कॉलवर ती म्हणतेच, सुफगानियोत, म्हणजे हनुक्याचे तळलेले गोड डोनट, नाहीत, गाणी येत नाहीत, तुमचा हनुका नावापुरता. दिवाळीला आम्ही आकाशकंदील लावतो, त्यावरूनही टोमणे असतात. सासूबाई स्वयंपाकघरात ओट्यावर पेल्यांत तेल घालून आपले वेगळे दिवे लावतात, कारण त्यांचा हात थरथरतो आणि हॉलमध्ये नव्या सोफ्यावर तेल सांडतं. आपलं ज्यूपण जपायचं आणि चारचौघांत मिसळूनही राहायचं, हा तोल कसा सांभाळू?"
– ठाण्याची एक वाचक

अगं, तू मावशी म्हटलंस, तेव्हा मी सरळ एकेरीवरच येते. तुझं पत्र तीनदा वाचलं. शेजारणी, मुलगा, नणंद, सगळ्यांबद्दल तू मनापासून लिहिलंस. सासूबाईंच्या वाट्याला एकच वाक्य आलं, आणि त्यातही अर्धा सोफा आहे. मला त्या वाक्याच्या पुढे जाताच येईना.

हनुका हा तेलाचा सण. सिरियाच्या ग्रीक राजाच्या, अँटिओकसच्या सैन्यानं विटाळलेलं यरुशलेमचं मंदिर मक्काबींनी, म्हणजे ज्यू बंडखोरांनी, परत घेतलं, तेव्हा दिव्यासाठी शुद्ध तेल सापडलं ते एका दिवसापुरतं, आणि ते आठ दिवस पुरलं. म्हणून आठ रात्री दिवे लावायचे. त्या सणाला तुझ्या घरात तेलाचीच भीती! खिडकीत विजेचे दिवे, आणि ज्या बाईच्या हातात खरं तेल आहे, खरी वात आहे, ती आत ओट्याशी एकटी उभी. तुझ्या नणंदेचं बोलणं तुला लागतं, ते मला समजतं. पण या घरात तुझ्या आधी आणखी कुणाला तरी 'तुमचा हनुका इथे नको' असं सांगितलं गेलंय, आणि ते नणंदेनं सांगितलेलं नाही.

माझं बालपण अलिबागचं. इस्राएल आळीत माझ्या वर्गमैत्रिणीची आजी राहायची. डिसेंबरात पहाटेच्या गारव्यानं खोबरेल थिजायचं, म्हणून त्या बाटली दुपारी पायरीवर उन्हात आणून ठेवायच्या. संध्याकाळी काचेचे पेले मांडून आधी पाणी, मग वरून अलगद तेल. पाण्यावर तेलाचा थर गोल होऊन स्थिरावायचा, तोवर त्या बोलायच्या नाहीत. मग पत्र्याच्या पट्टीत अडकवलेली वात. मी नऊ-दहा वर्षांची असेन, तुझ्या शेजारणींचाच प्रश्न मी विचारला होता, "आजी, ही तुमची दिवाळी का?" त्या म्हणाल्या, "दिवाळी तुझ्या घरची. तिच्या करंज्या मी खाल्ल्या ना? हा हनुका." आणि माझ्यापुढे कापूस सरकवून मला वाती वळायला बसवलं. त्यानंतर मी हनुक्याला कधी दिवाळी म्हटलं नाही. शेजारणींना काय सांगू, या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे याहून वेगळं उत्तर नाही, आणि आकाशकंदिलाचंही उत्तर त्यातच आहे. तो खुशाल लाव.

आता तू सोफ्यापायी जे आत सारलं आहेस, ते काय आहे बघ. तुमच्या परंपरेनुसार तुमचे पूर्वज इ.स.पू. १७५ च्या सुमारास इस्रायलच्या भूमीतून निघाले, अलिबागजवळच्या नवगावपाशी त्यांचं गलबत फुटलं, आणि सात पुरुष व सात बायका किनाऱ्याला लागल्या. मंदिर पुन्हा पवित्र केलं गेलं ते इ.स.पू. १६४ मध्ये. म्हणजे हनुक्याची गोष्ट घडली तेव्हा तुमची माणसं ती ऐकायला तिथे नव्हतीच. ती कोकणात घाण्यावर तेल गाळत होती, शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद ठेवत होती, आणि गाव त्यांना शनवार तेली म्हणत होतं. मला हे आठवलं की भरून येतं. पिढ्यानपिढ्या तेल गाळणाऱ्या लोकांना तेलाचा सणच ठाऊक नव्हता. तुमच्या बाकीच्या सणांना मराठी नावं आहेत, नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. पुरीमला तर होळीचा सण म्हणतात. हनुक्याला तसं जुनं मराठी नाव नाही, कारण तो फार उशिरा, बाहेरून आलेल्या ज्यूंकडून कळला.

तरीही ज्यूपण टिकलं होतं. ते कुठे टिकलं, हे तुमच्याच समाजात सांगतात. कोचीहून आलेल्या डेव्हिड रहाबी या ज्यू गृहस्थांना प्रश्न पडला, ही माणसं खरंच ज्यू आहेत का? त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. बायकांनी खवले आणि पर असलेले, म्हणजे ज्यूंना खायला चालणारे, तेवढे रांधायला घेतले, बाकीचे बाजूला काढले. रहाबींना उत्तर मिळालं. परीक्षा चुलीपाशी झाली आणि पास झाल्या त्या स्वयंपाकघरातल्या बायका. तुझ्या सासूबाई त्यांच्यातल्याच. त्या ओट्याशी उभ्या राहून जे करतात ते नावापुरतं नाही.

नणंदेबद्दल थोडंच सांगते. ज्या देशात ती राहते तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बेने इस्राएल लोकांच्या लग्नांवर शंका घेतल्या होत्या. त्याविरुद्ध तुमची माणसं यरुशलेमच्या रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे १९६४ साली सरकारनं जाहीर केलं की हे लोक सर्व बाबतींत ज्यू आहेत. दुसऱ्याच्या मापानं मोजलं जाणं काय असतं, हे तिच्या समाजानं सोसलंय. ते तिला माहीत नसेल तर सासूबाईंना सांगू दे, लेक त्यांची आहे. सुफगानियोतचं म्हणशील, तर तेलात तळलेलं काहीही चालतं. तुझे वडे तळ.

आणि 'तोल' हा शब्द मला मुळातच पटत नाही. तुझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे, दाराच्या उजव्या चौकटीला मेझुझा, म्हणजे पवित्र वचनांची छोटी डबी, आहे. लग्नाआधी पोहे, गूळ, खोबरं घालून मलिदा केला असेल आणि त्यावर एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, नाव घेतलं असेल. यातलं काय ज्यू आणि काय कोकणी, हे तराजूत घालून कुणी पाहिलं होतं? तोल जातोय तो हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात.

एक जुना नियम तुलाही माहीत असेल. हनुक्याचं किमान कर्तव्य घरटी एक दिवा एवढंच आहे. आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानं तो रस्त्याकडच्या खिडकीत ठेवावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. तुझ्या घरात मात्र एकाच सणाचे दिवे दोन खोल्यांत लागतात, आणि रस्त्यावरून दिसतो तो बिनतेलाचा.

म्हणून यंदा एवढंच कर. विजेची हनुकिया शोकेसमध्ये ठेव. पहिल्या संध्याकाळी सासूबाईंचे पेले हॉलच्या खिडकीत मांड आणि त्यांना हाताला धरून तिथे आण. पाणी त्या ओततील, तेलही त्याच ओततील, सांडलं तर सांडू दे. शमाश, म्हणजे ज्या दिव्यानं बाकीचे लावायचे तो, मुलाच्या हातात दे आणि त्याचा हात त्यांच्या थरथरत्या हाताखाली असू दे. ब्राखा, म्हणजे दिवे लावतानाची प्रार्थना, त्यांनी म्हणायची, तुम्ही मागून आमेन म्हणायचं. शुक्रवार आला की हनुक्याचे दिवे आधी लागतात आणि शब्बाथचे नंतर. असं का, हे मुलाला आजीलाच विचारू दे. एकदा शब्बाथ लागला की काडी ओढता येत नाही, हे तो तिच्या तोंडून ऐकेल, तेव्हा मित्रांना 'ज्यूंचा ख्रिसमस' म्हणताना त्याचं त्यालाच अडखळायला होईल. दिवे लावताना फोन बंद ठेव. नणंदेला नंतर बोलता येईल.

एवढ्या पत्रात तुझ्या नवऱ्याचा उल्लेख कुठेच नाही. आई त्यांची आहे, तेव्हा सोफा खिडकीपासून सरकवायचं काम त्यांचं.

आठ रात्रींचे मिळून, शमाश धरून, ४४ वाती लागतात. आदल्या रात्री कापूस घेऊन तू, मुलगा आणि सासूबाई अशी तिघं वळायला बसा. खोबरेलाची बाटली दुपारीच उन्हात ठेव.