बापाच्या घरावर मुलांनी कर द्यावा का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि कर्ज यांच्या आधारे 1988 साली पुण्यात घेतलेली सदनिका माझ्या पश्चात मुलाला आणि मुलीला मिळेल. 2024 च्या निवडणुकीपासून वारसा कराची चर्चा कानावर येते. ज्या पगारावर आयुष्यभर प्राप्तिकर भरला, त्यातून घेतलेल्या घरावर पुन्हा कर लावणे हा अन्याय नव्हे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सध्या आपल्या देशात असा कर नाही. 1953 साली सुरू झालेली इस्टेट ड्यूटी (मृताच्या मालमत्तेवरचा कर) 16 मार्च 1985 पासूनच्या मृत्यूंना लागू राहिली नाही.

‘एकाच पैशावर दोनदा कर’ हा आपला आक्षेप मात्र अर्धाच खरा आहे. ज्या पगारातून आपण घराची किंमत फेडली, त्यावर प्राप्तिकर भरलेला होता. पण त्यानंतर शहर वाढले, रस्ते आले, आणि घराची किंमत जी वाढली, तिच्यावर अद्याप कोणीही प्राप्तिकर भरलेला नाही. मुलांनी घर विकले तर नफा आपल्या वेळच्या किमतीपासून (2001 पूर्वीची खरेदी असल्याने 1 एप्रिल 2001 च्या मूल्यापासूनही) मोजला जाईल. न विकता ते पुढच्या पिढीकडे गेले, तर त्या वाढीवरचा कर लांबतच राहील.

न्यायाचा विचार देणाऱ्याइतकाच घेणाऱ्याच्या बाजूनेही व्हायला हवा, असे मला वाटते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेच्या पगारातून कर कापला जातो आणि शंभर कोटींचा वारसा मिळालेल्याला तो मिळाल्याबद्दल एक रुपयाही कर द्यावा लागत नाही, या व्यवस्थेचे समर्थन मला करता येत नाही. म्हणून मी वारसा कराच्या बाजूने आहे, पण जुन्या कायद्याच्या बाजूने नाही. त्यात 20 लाखांवरील संपत्तीला 85 टक्क्यांपर्यंत दर होता, त्याच मालमत्तेवर हयातीत संपत्ती करही होता, आणि अखेरच्या काळात वार्षिक उत्पन्न सुमारे 20 कोटी रुपयेच होते. इतक्या चढ्या दराने श्रीमंतांना पळवाटा शोधायला लावले आणि मूल्यांकनाचे वाद मागे ठेवले. विषमता त्याने कमी झाली नाही, हे तो रद्द करताना अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनीही मान्य केले होते.

ब्रिटनचा अनुभवही ध्यानात घ्यावा. तेथे 40 टक्के वारसा कराची 3,25,000 पौंडांची मूळ करमुक्त मर्यादा 2009 पासून बदललेली नाही. पती-पत्नींना सूट आणि राहत्या घरासाठी वाढीव सवलत असली, तरी घरांच्या किमती वाढत गेल्याने लंडनमधील मध्यमवर्गीय कुटुंबेही त्यात ओढली गेली. म्हणून आपल्याकडे असा कर कधी आलाच, तर त्याची करमुक्त मर्यादा कोटींमध्ये असावी, ती महागाईबरोबर कायद्यानेच वाढत जावी, आणि आपल्यासारख्यांची एकुलती एक सदनिका तिच्या आत राहावी. एवढे नसेल, तर त्या कराला माझाही विरोध राहील.