वास बंड्याचा, भांडण घराचं

ताई,
आमचा बंड्या पामेरियन कुत्रा आहे, साडेअकरा वर्षांचा, पाच किलोचा. काही महिन्यांपासून तो ढुंगण फरशीवर घासत पुढे सरकतो. जिथे बसतो तिथे तपकिरी डाग पडतात आणि कुजक्या मासळीचा वास सुटतो. ग्रूमर दर महिन्याला ग्लँड पिळून देतो, पण हल्ली आठवड्याभरात पुन्हा तेच. सासूबाईंचं देवघर हॉलमध्येच आहे. त्या म्हणतात, कुत्र्याला गॅलरीत बांधा. हल्ली तो पाणीही फार पितो आणि घरात शू करतो, त्याचीही त्यांची कटकट असतेच. नवरा म्हणतो, व्हिडिओ बघून मीच पिळतो, ग्रूमरचे पैसे वाचतील. दोघांच्या मध्ये माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कटकटीत जमा केलीत. बंड्या पाणी फार पितो, ही ती गोष्ट. देवघराकडे नंतर येते.

गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ असतात साधारण त्या जागी, कुत्र्याला दोन छोट्या पिशव्या असतात. ग्रूमर ग्लँड म्हणून पिळतो त्या याच. शी घट्ट झाली की दाबाने आतला स्राव आपोआप बाहेर पडतो. शी सतत मऊ राहिली, वजन वाढलं किंवा त्वचेची ॲलर्जी असली, की पिशव्या नीट रिकाम्या होत नाहीत. स्राव दाटतो, जंतुसंसर्ग होतो, पुढे गळू होऊन फुटतं. छोट्या जातींना हा त्रास जास्त. इथवर सगळं त्रासदायक असलं तरी उपचाराने आटोक्यात येणारं आहे.

पण म्हाताऱ्या कुत्र्यात त्याच पिशवीत कर्करोगाची गाठही होऊ शकते. ती बाहेरून बऱ्याचदा दिसत नाही. अशा काही गाठींमुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि मग कुत्रा पाणी पीत सुटतो, शूही तेवढीच करतो. बंड्याला तेच झालंय असं मी म्हणत नाही. मूत्रपिंडं थकली, मधुमेह झाला, तरीही असंच होतं. पण या वयात दोन्ही तक्रारी एकत्र आल्या असतील तर नुसतं पिळत बसू नये. ग्रूमर बाहेरून दाबतो. आत गाठ आहे का, हे त्याला कळायचं नाही, ते त्याचं कामही नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बोट घालून दोन्ही पिशव्या तपासा, रक्तात मूत्रपिंड आणि साखरेबरोबर कॅल्शियमही बघा, लघवीही तपासा, असं त्यांना स्पष्ट सांगा. गाठ असलीच तर ती लहान असताना सापडणं फार मोलाचं असतं. आणि शी करताना कुंथत असेल, शी चपटी होत असेल, रक्त-पू दिसला किंवा एका बाजूला लाल सूज आली, तर आठवडा कशाला, त्याच दिवशी न्या.

तोवर यजमानांना व्हिडिओ बंद करायला सांगा. सुजलेली पिशवी चुकीची दाबली तर ती आतल्या आत फुटू शकते. विनाकारण वरचेवर पिळल्यानेही सूज येते. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी तर अजिबात देऊ नका. आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषासारखी ठरू शकते.

नुसता संसर्ग निघाला तर डॉक्टर पिशव्या धुऊन औषध भरतील, गोळ्या देतील. तरीही पुन्हा पुन्हा झालं तर शस्त्रक्रियेने पिशव्या काढता येतात, मात्र त्यात शीवरचा ताबा सुटायचा धोका असतो, म्हणून हात बसलेला सर्जन शोधा. खाण्यात उकडलेला लाल भोपळा, बिनामिठाचा, बिनाफोडणीचा, थोडा घालून पाहता येईल. इसबगोल किती आणि कसं, ते डॉक्टरांनाच विचारा. आणि एक सांगा, संध्याकाळी चहाबरोबर बंड्याला बिस्किटं कोण देतं? माझा संशय सासूबाईंवरच आहे. ज्या घरात आजी कुत्र्याच्या नावाने ओरडत असते, त्या घरात बहुतेक वेळा तिच्याच हातचं कुत्र्याला आवडतं.

आता त्यांच्याबद्दल. गॅलरी नको. दुखत असलेल्या म्हाताऱ्या जिवाला उन्हापावसात बांधून वास जाणार नाही, फक्त तो तुम्हाला येईनासा होईल. पण सासूबाई दुष्ट आहेत असंही मनात धरू नका. तो वास खरोखरच असह्य असतो, आणि त्यांचा अर्धा दिवस त्याच हॉलमध्ये जातो. देवघरापुढे लहान मुलांसाठी लावतात तसं बुटकं फाटक लावा. बंड्याला रोज धुता येतील अशा जुन्या सुती चादरी द्या, मागचा भाग कोमट पाण्याने पुसून कोरडा करत जा. पाण्याची वाटी मात्र कोणी उचलून ठेवायची नाही, रात्रीसुद्धा नाही.

तो पाणी जास्त पितो, हे आधी सासूबाईंच्याच लक्षात आलेलं दिसतंय. मग मोजायचं कामही त्यांच्याकडेच द्या. सकाळी मापून पाणी भरायचं, दुसऱ्या सकाळी किती उरलं ते लिहून ठेवायचं. किलोमागे दिवसाला 100 मिलीलिटरच्या वर गेलं, म्हणजे बंड्याच्या बाबतीत अर्ध्या लिटरच्या वर, तर ते जास्तच. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

यजमानांशी खर्चाचं बोलणं तपासण्यांआधी करून घ्या, बिल हातात आल्यावर नाही. आणि दवाखान्यात त्यांनाही न्या. गाठ नाही हे नक्की झालं आणि डॉक्टर हो म्हणाले, तर पिशवी कशी रिकामी करायची ते त्यांच्याच हाताखाली शिकून घेऊ देत. हौस आहेच त्यांना.