फोन ऐकण्याचा आदेश आधी शोधा

भांडुपच्या एका कंत्राटदारांनी विचारलंय : ‘पालिकेच्या अभियंत्याला लाच दिल्याच्या खटल्यात माझ्या फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून लावलंय. खासगीपणाचा भंग झाला म्हणून खटला रद्द होईल का? माहिती अधिकारात अर्ज टाकू का?’ अशी पत्रं हल्ली बरीच येतात.

माहिती अधिकाराच्या मागे लागू नका. चार्जशीटच्या प्रती मिळाल्याची सही महिन्यापूर्वी करून तुम्ही तो गठ्ठा अजून सोडलेलाही नाही, याचा मला राग आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २६२ प्रमाणे दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मोकळं करण्याचा अर्ज प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत करायचा असतो. त्यातले निम्मे दिवस गेले.

आधी रेकॉर्डिंग कोणी केलं ते बघा. समोरच्याने स्वतःच्याच मोबाइलवर केलं असेल, तर पुढचं काही लागू नाही. मोबाइल कंपनीमार्फत तुमची लाइन ऐकली असेल, तर गृह सचिवांचा लेखी आदेश हवा. त्याची तारीख पहिल्या कॉलच्या तारखेशी ताडून पाहा. कॉल आधीचा निघाला, तर पोलीस अधिकाऱ्याने काढलेला तातडीचा आदेश असायला हवा आणि सचिवांनी तो कामकाजाच्या सात दिवसांत कायम केलेला हवा. केला नसेल, तर फोन ऐकण्याबाबतच्या डिसेंबर २०२४ च्या नियमांनुसार ते संभाषण पुराव्यात वापरताच येत नाही.

आता आदेशातलं कारण वाचा, सगळं त्यावर आहे. दूरसंचार कायद्याचं कलम २०(२) सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, एवढ्याचसाठी फोन ऐकू देतं. १८८५ च्या तार कायद्यातही हीच अट होती. लाचेच्याच एका प्रकरणात ती पाळली नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. आदेश होते २००९-१० चे! इतकी वर्षं माणसाने डोक्यावर खटला घेऊन जगायचं, हे मला मान्य नाही.

हमी मात्र देत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मोठा भ्रष्टाचारही सार्वजनिक सुरक्षिततेत येऊ शकतो असं म्हटलंय. शिवाय बेकायदा मिळवलेला पुरावाही चालतो, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा निकाल सरकारी वकील काढतीलच.

गठ्ठ्यात आदेश नसेल, तर तो मागणारा अर्ज याच आठवड्यात विशेष न्यायालयात द्या. त्या अर्जामुळे ६० दिवस थांबतील असं धरू नका, दोषमुक्तीचा अर्जही मुदतीतच दाखल करा.