वाचकांचे प्रश्न : मायलिनची झीज, मायलिनची दुरुस्ती

प्रश्न : माझ्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी मज्जातंतूंवरचे मायलिन हे संरक्षक आवरण नष्ट करतात, असे आम्हाला सांगण्यात आले. पुढे त्याच पेशी दुरुस्तीला मदत करतात, असेही वाचनात आले. खरे काय? आणि त्या उपद्रवी असतील, तर औषध देऊन त्या नाहीशाच का करत नाहीत?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ होर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची स्वतंत्र ओळख पटवली. गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच त्या मेंदूत येऊन स्थिरावतात. मायलिन मात्र त्या तयार करत नाहीत. ते काम ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशींचे आहे.

या आजारात हल्ल्याची सुरुवात बहुधा रक्तातून मेंदूत शिरलेल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी करतात, असे आज मानले जाते. त्यांच्यामुळे चेतलेल्या मायक्रोग्लिया दाहकारक द्रव्ये सोडतात आणि शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट या मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशींनाही घातक वळण लावतात. काही जुन्या व्रणांच्या कडेने लोह साठवलेल्या अशा पेशींचे कडे वर्षानुवर्षे टिकून राहते. विशिष्ट पद्धतीने काढलेल्या एमआरआयमध्ये ते गडद दिसते, आणि असे व्रण हळूहळू पसरू शकतात.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल मला अधिक विस्ताराने सांगावेसे वाटते. मायलिन तुटले की त्याचे अवशेष तिथेच पडून राहतात, आणि ते तसेच राहिले तर नवे मायलिन घालू शकणाऱ्या पूर्वज पेशींची वाढ अर्धवट अवस्थेतच अडते. पडलेल्या भिंतीचा राडारोडा उचलल्याशिवाय नवी भिंत उभी राहत नाही, तसेच हे आहे. हे अवशेष गिळून जागा मोकळी करणे आणि मग पूर्वज पेशींना पक्व होण्याचे संकेत देणे, ही दोन्ही कामे मायक्रोग्लिया आणि रक्तातून आलेल्या भक्षक पेशी करतात. ज्या उंदरांमध्ये ‘ट्रेम-२’ हा मायक्रोग्लियावरील ग्राहक (बाहेरचे संकेत टिपणारे प्रथिन) नसतो, त्यांच्यात अवशेष साचून राहतात आणि दुरुस्ती रेंगाळते. माणसांत याच ग्राहकाचे जनुक दोन्ही प्रतींत बिघडले, तर नासू-हाकोला हा दुर्मीळ आजार होतो. त्यात मेंदूतील श्वेतद्रव्य, म्हणजे मायलिनयुक्त तंतूंचा भाग, झिजते आणि ऐन मध्यम वयात स्मृतिभ्रंश होतो.

वयाचा परिणामही मोठा आहे. मायलिनमध्ये कोलेस्टेरॉल भरपूर असते, आणि म्हाताऱ्या भक्षक पेशींना ते बाहेर टाकणे जमेनासे होते. त्याचे स्फटिक पेशीतच साचतात आणि दाह चालू राहतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडले, तेव्हा तरुण उंदराच्या पेशींनी म्हाताऱ्या उंदराच्या जखमेतील अवशेष उपसले आणि तिथली दुरुस्ती सुधारली. मला हा निष्कर्ष फार आश्वासक वाटतो, कारण दुरुस्तीची क्षमता वयाबरोबर संपत नाही, ती अडून राहते, असे त्यातून दिसते.

म्हणूनच या पेशी सरसकट नष्ट करणे योग्य ठरणार नाही. दाह वाढवणारी त्यांची अवस्था वेळेवर थांबवणे आणि सफाईची अवस्था टिकवणे, हे संशोधकांचे उद्दिष्ट आहे. सध्याची बहुतेक औषधे प्रामुख्याने लिम्फोसाइट पेशींवर काम करतात. नवे हल्ले त्यांनी कमी होतात, पण मेंदूच्या आत धुमसणाऱ्या दाहावर त्यांचा प्रभाव मर्यादित आहे.

प्रश्न : नवे मायलिन पहिल्यासारखेच असते का?

उत्तर : बहुधा ते मूळ आवरणापेक्षा पातळ असते, तरीही संदेशवहन बऱ्याच अंशी सुधारते आणि उघड्या पडलेल्या तंतूला संरक्षण मिळते. तंतूच तुटला असेल, तर मात्र त्यावर मायलिन पुन्हा चढू शकत नाही. त्यामुळे नवे हल्ले टाळणे महत्त्वाचे आहे, आणि आपल्या बहिणीचे चालू औषध तिला बरे वाटत असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये.